दुष्काळातून आलेल्या मुली आणि केडगावचे मुक्ती सदन

१८७४ साल. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला होता. पुराणे सांगत गावोगाव हिंडणाऱ्या एका विद्वान चित्पावन कुटुंबाने प्रथम दागिने विकले, मग तांब्या-पितळेची भांडी. अखेर रानातला पालाही खाऊन पाहिला. आधी वडील गेले, पाठोपाठ आई. आईचे प्रेत उचलायला चार ब्राह्मण मिळेनात. दोघांना दया आली, तिसरा मुलगा, चौथी सोळा वर्षांची मुलगी. स्मशान सुमारे तीन मैलांवर होते आणि मुलीची उंची बेताची, म्हणून तिला आपल्या बाजूचा भार डोक्यावर घ्यावा लागला. ही मुलगी म्हणजे रमा अनंतशास्त्री डोंगरे, पुढच्या पंडिता रमाबाई.

रमाबाईंच्या धर्मांतरावर महाराष्ट्रात आजवर भरपूर वाद झाला. त्या मानाने या दुष्काळाची आठवण क्वचितच निघते. त्यांच्या पुढील आयुष्यातील सर्वांत मोठे काम मात्र याच अनुभवातून उभे राहिले.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये विवाह, १८८२ मध्ये वैधव्य, पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी. पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना करून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांना ख्रिस्ती धर्माकडे नेमके कशाने ओढले? पुढे त्यांनी स्वतःच त्याचे कारण लिहिले. लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनी ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना आश्रय देऊन मायेने वागवत असल्याचे त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांशी ममतेने वागता येते, हेच त्यांना नवे होते. असे का करता, म्हणून विचारल्यावर भगिनींनी त्यांना शोमरोनी स्त्रीला भेटलेल्या येशूची कथा वाचायला दिली. त्या धर्माची ओळख रमाबाईंना अशी सेवेतून झाली. सिद्धांत त्यांच्यापुढे नंतर आले.

सिद्धांतांपुढे त्यांची मान सहजी लवली नाही, हेही नोंदवले पाहिजे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, या प्रश्नावरून त्यांचा आपल्या धर्ममातेशी वाद झाला. विलायतेतही त्यांनी शाकाहार सोडला नाही. बिशपांच्या अधिकाराविषयी त्या उघड शंका घेत. वरिष्ठांच्या लेखी त्या हट्टी आणि गर्विष्ठ ठरल्या. त्यांची नम्रता वेगळ्या दिशेने वाहत होती, ती समजायला केडगावला जावे लागते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उच्चवर्णीय विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. खर्च बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा, धोरण धर्मनिरपेक्ष. पुढे महर्षी कर्व्यांशी विवाह करणाऱ्या गोदूबाई या तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती संस्कार होत असल्याचा आरोप झाला. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि येणाऱ्या मुलीला अडवत नसत. त्यांच्या दृष्टीने हे स्वातंत्र्य होते, टीकाकारांच्या दृष्टीने आमिष. आश्रयदात्याच्या घरात आश्रिताची निवड कितपत मोकळी असते, हा टीकाकारांचा प्रश्न पोकळ नव्हता. मात्र तो विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या विधवांसाठी स्वतःच्या घराचे दार उघडले होते.

पुढे मध्य प्रांतात दुष्काळ पडला. १८९७ च्या आरंभी रमाबाई तिकडे गेल्या. अन्नछत्रांभोवतीच्या हाडांच्या सापळ्यांत त्यांना आपली पूर्वीची स्थिती दिसली, आणि अनाथ मुलींना पळवणारे दलालही दिसले. हाताशी पैसा नसताना त्यांनी तीनशे मुली वाचवण्याचा निश्चय केला. या मुली सर्व जातींच्या होत्या, त्यामुळे उच्चवर्णीय विधवांची जुनी चौकट आपोआप मोडली.

त्याच वेळी पुण्यात प्लेग पसरला आणि शहरात नव्या मुली ठेवण्यास मनाई झाली. पुण्यापासून काही कोसांवर केडगावला रमाबाईंनी शंभर एकर माळरान घेतलेले होते. मुलींना तिथे नेऊन तंबूंत ठेवले, विहिरी खणल्या, मग इमारती बांधल्या. हेच मुक्ती सदन. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी याच काळात वर्तमानपत्रातून सरकारला धारेवर धरले. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या सरकारधार्जिण्या झाल्या नव्हत्या.

१९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो जणी आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. आजारी, अंध, समाजाने टाकलेल्या, सगळ्या. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. समाजाने पतित म्हटलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हे वेगळे घर होते. फुलहॅमचे ऋण रमाबाईंनी असे फेडले. विणकाम, तेलघाणा, दुभती जनावरे, छापखाना, सारे स्त्रियाच चालवीत. बहुतेक मुली पुढे ख्रिस्ती झाल्या, हे लपवण्याचे कारण नाही. रमाबाईंनीही ते कधी लपवले नाही. त्या स्वतः पांढऱ्या साध्या लुगड्यात, मुलींमध्येच राहत.

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी एका अवघड कामाला दिली. प्रचलित मराठी बायबलची भाषा सामान्य बाईला कळत नाही, म्हणून संस्कृतच्या या पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत भाषांतर सुरू केले. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. त्यांचे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, केडगावच्याच छापखान्यातून, आश्रमातील स्त्रियांच्या हातून.