पात्रापात्र ठरविणारा माणूस

दान करावयाचें तें पात्र पाहून करावें, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायांत सात्त्विक दानाचें लक्षण सांगतांना देश आणि काल यांच्या जोडीस पात्राचाहि विचार आला आहे. परंतु तेथें पात्र पाहणारा जो, तोच दाताहि असतो. त्याची चूक झाली तर नुकसान त्याच्याच गांठीचें, आणि पुण्य उणें झालें तर तेंहि त्याचेंच. आज आम्ही ज्या माणसाचा इतिहास वाचकांपुढें मांडणार आहों त्याची स्थिति याहून अगदीं निराळी. पात्र त्यानें पाहावयाचें. पैसा मात्र दुसऱ्यांचा. आणि निर्णय चुकला तर उपाशी राहावयाचें तें तिसऱ्यानेंच. इंग्लंडांत या माणसास रिलीव्हिंग ऑफिसर म्हणत. आपण त्यास साहाय्य-अंमलदार म्हणूं. स्थानिक कारभारांतील नोकरांत इतका अधिकार व इतका अविश्वास एकाच वेळीं दुसऱ्या कोणाच्या वांट्यास आला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

त्याचा पूर्वज म्हणजे १६०१ च्या कायद्यानें नेमलेला पॅरिशमधील ‘ओव्हरसियर’. हा गांवांतलाच एखादा शेतकरी किंवा दुकानदार असे. वर्षभर बिनपगारी काम करी. घरोघर दरपट्टी वसूल करी आणि त्याच पैशांतून गांवच्या निराश्रितांस साहाय्य देई. अर्जदाराची चौकशी करण्याची त्यास गरजच नसे, कारण कोणाच्या घरीं काय शिजतें व काय शिजत नाहीं हें सर्व गांवासच ठाऊक. त्याची खरी चौकशी एकच असे : हा माणूस आपल्या पॅरिशचा कीं परक्या? १६६२ च्या कायद्यानें या प्रश्नास भलतेंच महत्त्व आलें. अविवाहित स्त्रीचें मूल जेथें जन्मास येई त्या पॅरिशवर त्याचा भार पडे. म्हणून अशी स्त्री प्रसूत होण्यापूर्वींच तिला शिवेबाहेर घालविण्याची घाई होई. पुढें १६९७ मध्यें साहाय्य घेणाऱ्यांनीं उजव्या खांद्यावर ‘पी’ हें अक्षर आणि त्याबरोबर पॅरिशच्या नांवाचें आद्याक्षर तांबड्या किंवा निळ्या कापडांत शिवून वागवावें असा नियम झाला. तो रद्द होण्यास १८१० साल उजाडावें लागलें. ज्यास सारा गांव ओळखतो त्यास बिल्ला कशास पाहिजे होता, हें आम्हांस उमगत नाहीं. बहुधा तो ओळख पटविण्यासाठीं नसून दुसऱ्यानें मागूं नये यासाठींच असावा.

१८३४ सालीं ही सगळी घडी मोडली. नासाउ सीनियर व एडविन चॅडविक यांनीं मुख्यत्वें लिहिलेल्या अहवालावरून पार्लमेंटनें नवा कायदा केला. अनेक पॅरिश एकत्र करून ‘युनियन’ बनविले, त्यांवर दरदात्यांनीं निवडलेलें गार्डियनांचें मंडळ बसविलें, आणि मंडळाच्या हाताखालीं पगारी साहाय्य-अंमलदार दिला. या कायद्याचें मुख्य तत्त्व सांगणारा जो शब्द आहे त्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. आजच्या कचेरींत ‘एलिजिबल’ म्हणजे पात्र, हक्कदार. परंतु १८३४ च्या लेखकांस त्याचा अर्थ ‘पसंत करण्याजोगें’ असा अभिप्रेत होता. निराश्रिताची स्थिति अगदीं खालच्या स्वतंत्र मजुराच्या स्थितीपेक्षां कमी ‘एलिजिबल’ असावी, म्हणजे ती कोणीं आपण होऊन पसंत करूं नये, असें त्यांचें म्हणणें. साहाय्य हवें तर वर्कहाउसांत या. तेथें नवरा एका वाड्यांत, बायको दुसऱ्या, मुलें तिसऱ्या. जाडेंभरडें खा, नेमून दिलेलें काम करा. जो इतक्यावरहि आंत येईल तो खरा गरजू, आणि जो परत फिरेल तो नव्हे. अर्जदारानें आपली परीक्षा आपणच घ्यावयाची. दुसऱ्या कोणास त्याच्या घरांत डोकावण्याचें कारणच उरूं नये.

वाचकांस हा विचार केवळ विलायती वाटेल. पण त्याची झळ आपल्या आज्या-पणज्यांस लागलेली आहे. १८७७ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामांवरील पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य व वर एक आणा इतकी खालीं आणली. मुंबई इलाख्यांतील पुष्कळ मजुरांनीं तेवढ्यावर खडी फोडण्याचें नाकारून कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें दुष्काळी जिल्ह्यांतून माहिती जमवून सरकारकडे लेखांवर लेख धाडले. त्यांतील मुद्दा हाच होता कीं, काम सोडून जाणारा माणूस गरजू नाहीं असें अनुमान काढणें ही चूक आहे. पुढें १८८० च्या दुष्काळ-कमिशननें जे नियम सुचविले त्यांतहि धडधाकटांस कामाची कसोटी आणि अशक्तांस गांवोगांव फिरून केलेल्या यादीवरून फुकट साहाय्य, अशी दुहेरी रचना राहिली. म्हणजे यादी करणारा माणूस येथेंहि आलाच. १९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी कायद्यांत ‘जो कामावर येईल त्यास काम’ हें तत्त्व हक्काच्या रूपानें आलें, आणि १९८० मधील संजय गांधी निराधार अनुदान योजनेंत उत्पन्नाचा दाखला व चौकशी आली. एकाच प्रश्नाचीं तीं दोन उत्तरें होत.

आतां पुन्हा मूळ विषयाकडे वळूं. आपोआप चालणारी कसोटी कागदावर उत्तम होती. व्यवहारांत ती टिकली नाहीं. एकोणिसाव्या शतकांत केव्हांहि पाहिलें तरी वर्कहाउसांतील लोकांपेक्षां घरीं राहून साहाय्य घेणारे अधिकच भरतात. सत्तरीची विधवा, पाय मोडलेला गाडीवान, पांच मुलांची आई, यांस आंत कोंडण्यापेक्षां आठवड्यास दोनतीन शिलिंग व पाव देणें स्वस्त पडे, ही साधी गोष्ट दरदात्यांच्या लवकरच ध्यानीं आली. आणि घरीं साहाय्य द्यावयाचें तर घर पाहिलें पाहिजे. अशा रीतीनें ज्या माणसाची गरज पडूं नये म्हणून एवढा खटाटोप केला, तोच माणूस सर्व व्यवस्थेचा कणा होऊन बसला.

‘ऑलिव्हर ट्विस्ट’ वाचलेल्या वाचकांच्या डोळ्यांपुढें येथें मिस्टर बंबल उभा राहील. पण बंबल हा पॅरिशचा बीडल, जुन्या जमान्याचा टोपीवाला शिपाई. आमचा अंमलदार त्याहून गंभीर माणूस. १८४७ च्या एकत्रित हुकमांत त्याचीं कर्तव्यें तपशीलवार सांगितलीं आहेत. अर्ज घ्यावयाचा, अर्जदाराच्या घरीं जाऊन प्रकृति, काम करण्याची ताकद, मिळकत आणि कुटुंब यांची चौकशी करावयाची, तें सारें वहींत नोंदवून मंडळाच्या बैठकींत ठेवावयाचें. निर्णय मंडळाचा, त्यानें फक्त सांगावयाचें. परंतु एक कलम असें होतें कीं, त्यामुळें तो केवळ कारकून राहिला नाहीं. एकाएकीं निकडीची गरज उत्पन्न झाली तर मंडळाची वाट न पाहतां त्यानें आपल्या अधिकारांत अन्न, औषध, निवारा असें वस्तुरूप साहाय्य तत्काळ दिलेंच पाहिजे. तें न दिल्यामुळें कोणी दगावलें तर नोकरी जाणें ही लहान शिक्षा. त्याच्यावर मनुष्यवधाचा खटलाहि होऊं शके.

या कलमाचा अर्थ नीट ध्यानीं घेतला पाहिजे. उदारपणानें दिलें तर मंडळांतले दरदाते हिशेब विचारणार. हात आंखडला आणि रात्रींतून कोणी मेलें तर न्यायाधीश विचारणार. दोहोंच्या मध्यें हा एक मध्यम पगाराचा माणूस, वहींतला एक रकाना भरीत, हिंवाळ्याच्या संध्याकाळीं कोणाच्या तरी दारांत उभा. समोरचा खोटें बोलतो कीं खरें, हें त्यास घटकाभरांत ठरवावयाचें असे. त्यांतून त्याच्या नोंदीनें आणखीहि कांहीं जाई : गरीब-साहाय्य घेणाराचा मताधिकार १९१८ पर्यंत बुडत असे. म्हणजे चार शिलिंगांच्या बदल्यांत नागरिकत्वाचा एक तुकडा काढून घेणारी सहीहि याच्याच वहीवरून होई. हा माणूस निर्दय होता असें सरसकट म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. निर्दयपणास येथें वाव होता, आणि दयेलाहि. पण दयेचा खर्च दरवेळीं लिहून दाखवावा लागे, निर्दयपणाचा लागत नसे.

जर्मनींतील एल्बरफेल्ड या गिरणगांवानें १८५३ पासून निराळाच मार्ग धरला. शहराचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक भागास एक बिनपगारी नागरिक नेमला. त्याच्याकडे एका वेळीं चारांहून अधिक कुटुंबें द्यावयाचीं नाहींत, आणि साहाय्य चौदा दिवसांपुरतेंच मंजूर करून पुन्हा स्वतः भेटून पाहावयाचें. या पद्धतीची कीर्ति युरोपभर झाली. इंग्लंडच्या अंमलदाराकडे चार नव्हे, शेकड्यांनीं कुटुंबें असत. चार घरें ओळखणारा माणूस शेजारी असतो. चारशें घरें पाहणाऱ्यास नियमाचाच आधार घ्यावा लागतो, यांत त्याचा दोष तो किती?

१९०८ च्या वृद्धवेतन कायद्यानें पात्रतेच्या प्रश्नास प्रथमच निराळें वळण मिळालें. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या, वर्षास २१ पौंडांहून अधिक उत्पन्न नसलेल्या माणसास आठवड्यास पूर्ण ५ शिलिंग, आणि तेहि पोस्टांत जाऊन घ्यावयाचे! चौकशी आली ती जकात व अबकारी खात्याच्या अंमलदारांकडे. निर्णय स्थानिक समितीकडे. वय सिद्ध झालें म्हणजे बरेंचसें काम झालें. पण आयर्लंडांत हेंच कठीण, कारण तेथें सर्वांच्या जन्मांची सरकारी नोंद १८६४ पर्यंत होतच नव्हती. ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीं त्या बेटावर भयंकर वादळ झालें होतें. तें ‘मोठें वारें’ आपणांस आठवतें, असें म्हाताऱ्या-म्हाताऱ्या सांगूं लागल्या, आणि दारूच्या पिंपांची मोजदाद करण्यांत आयुष्य गेलेला अंमलदार त्यांच्या आठवणींची मोजदाद करूं लागला. आठवण स्वतःची, कीं आईनें सांगितलेली? तीन वर्षांच्या मुलास वादळ आठवतें काय? शेवटीं १८४१ व १८५१ च्या खानेसुमारीच्या कागदांत नांवें धुंडाळावीं लागलीं. आपल्याकडेहि ‘प्लेगच्या सालीं मी रांगत होतों’ असें सांगणारे वृद्ध एके काळीं घरोघर होते. तेव्हां या प्रसंगाचें आम्हांस हंसूं येण्यापेक्षां आपलेपणाच वाटतो.

इकडे गार्डियन मंडळांचें रूपहि पालटत होतें. १८७५ मध्यें प्रथम एक स्त्री मंडळावर निवडून आली. १८९४ च्या कायद्यानें मिळकतदाराचीं जादा मतें गेलीं. त्याच्या आदल्याच वर्षीं लंडनच्या पॉप्लर भागांत जॉर्ज लॅन्सबरी व विल क्रुक्स मंडळावर आले आणि दार ठोठावणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टिच बदलली. परंतु उदारपणाचा पैसा पॉप्लरच्या गरिबांच्याच दरपट्टींतून येणार. वेस्टमिन्स्टरचे श्रीमंत आपल्या थोड्या गरिबांपुरतें देऊन मोकळे. १९२१ सालीं पॉप्लरच्या तीस सभासदांनीं लंडन कौंटी कौन्सिलची पट्टी भरण्याचें नाकारलें व आनंदानें तुरुंग पत्करला. त्यांत पांच स्त्रिया होत्या. त्यांपैकीं मिनी लॅन्सबरी सुटकेनंतर लवकरच, १ जानेवारी १९२२ रोजीं वारली. लंडनभरच्या साहाय्याचा बराचसा बोजा सर्व भागांवर वांटण्याचा कायदा त्यांनीं करवून घेतला. सरकारनें हा धडा उलट्या बाजूनेंहि घेतला : १९२६ च्या कायद्यान्वयें वेस्ट हॅमसारखीं हात सैल सोडणारीं मंडळें बाजूस सारून तेथें आपलीं माणसें बसविलीं.

१ एप्रिल १९३० रोजीं गार्डियन मंडळें बंद झालीं व त्यांचें काम कौंटी व मोठ्या शहरांच्या कौन्सिलांतील ‘पब्लिक असिस्टन्स’ समित्यांकडे आलें. नांव सौम्य झालें. अंमलदाराचें बिरुद तेंच राहिलें. दीड वर्षांतच, १९३१ च्या नोव्हेंबरांत, विम्याची मुदत संपलेल्या लाखों बेकारांची ऐपत पाहण्याचें काम याच समित्यांवर पडलें. हीच ती कुप्रसिद्ध मीन्स टेस्ट. ती एकट्या माणसाची नसून सबंध घराची होती : मुलगी गिरणींत काय मिळविते, भावास किती मिळतें, आजोबांचें वेतन किती, तें सारें मोजून बापाच्या भत्त्यांतून वजा.

एकत्र कुटुंबांत वाढलेले आमचे वाचक विचारतील, यांत वावगें तें काय? मुलानें बापास पोसावें हा तर धर्मच. तो धर्म आहे, यांत शंका नाहीं. परंतु सरकारनें त्याचा तक्ता करून वसुली चालविली म्हणजे धर्माची काय गति होते तें तेथें दिसलें. बापाचा भत्ता आपल्या मजुरीमुळें कापला जातो असें पाहून मिळविते मुलगे घर सोडून खाणावळींत राहूं लागले. कोणी खरोखर गेले, कोणी कागदोपत्रीं. वर्कहाउसनें कुटुंबाची ताटातूट भिंती घालून केली होती. या चौकशीनें ती जेवणाच्या पाटावर आणून ठेवली. आमच्या मतें दुसरी अधिक वाईट, कारण तींत कुटुंबानें परस्परांसच जड मानावयास शिकावयाचें होतें. अंमलबजावणी करणाऱ्यांतहि सारे राजी नव्हते. रॉदरहॅम व डरहॅम कौंटी येथील समित्यांनीं फार सढळपणें दिलें, म्हणून १९३२ मध्यें त्यांचें काम काढून सरकारी कमिशनरांकडे दिलें गेलें. १९३४ च्या कायद्यानें बेकारांसाठीं मध्यवर्ती मंडळ झालें. त्याचे नवे दर १९३५ च्या जानेवारींत लागू होतांच इतका क्षोभ झाला कीं महिन्याभरांत ते स्थगित करावे लागले. सबंध घराची कसोटी १९४१ सालीं युद्धाच्या धामधुमींत गेली.

५ जुलै १९४८ रोजीं जुना गरीब-कायदा अस्तंगत झाला, तो थेट एलिझाबेथ राणीपासून चालत आलेला. रोख साहाय्य राष्ट्रीय मंडळाकडे गेलें. ‘रिलीव्हिंग ऑफिसर’ हें नांव पुसलें. निराधार वृद्धांस राहावयास जागा देण्याचें काम मात्र स्थानिक कौन्सिलांकडेच ठेवण्यांत आलें. त्यांच्यापाशीं इमारती होत्या त्या जुन्याच. वर्कहाउसांच्या दारावरील पाट्या बदलल्या, भिंतींस रंग लागला, आणि पुढें कित्येक वर्षें त्या भागांतील म्हातारीं माणसें तेथें जाण्याचें नांव काढतांच तोंड फिरवीत.