घरावर गडद रंगाचा पत्रा टाकताय? आधी मे महिन्यातली दुपार आठवा

सोलापूर : दिवाळी झाली, हातात चार पैसे आले की गावोगाव घरांची कामं निघतात. पत्र्याच्या दुकानात गेलं की रंगांचं कार्ड समोर येतं. निळा, मरून, गडद हिरवा, काळपट करडा, आणि कुठेतरी कोपऱ्यात पांढरा. बहुतेकांचं बोट गडद रंगावर जातं. मळ दिसत नाही, गंजाचे डाग लपतात, आणि रस्त्यावरून घर उठून दिसतं. त्यात लोणावळा-महाबळेश्वरच्या बंगल्यांचे फोटो मोबाईलवर आलेले असतात, काळ्या-करड्या शिंगलचं उतरतं छप्पर असलेले. ‘आपल्यालाही तसंच पाहिजे’ असं पोरं म्हणतात.

हा निर्णय थंडीच्या हवेत होतो, अडचण तिथेच आहे. त्या छपराखाली एप्रिल-मे काढायचा असतो. सोलापुरात तेव्हा पारा ४२-४३ च्या पुढे जातो. दुपारी कर्ता माणूस शेतात किंवा कामावर असतो. घरात असतात म्हातारी माणसं, बाळंतीण, लहान लेकरं. रंग निवडणारा एक आणि सोसणारे दुसरे.

शिंगल म्हणजे काय ते आधी बघू. फायबरग्लासच्या जाळीवर डांबराचा थर आणि त्यावर रंगीत खडीचे बारीक दाणे. ही चीज अमेरिका-कॅनडात घरोघर दिसते. तिकडच्या बर्फाच्या भागात छप्पर थोडं तापलं तर कुणाचं बिघडत नाही. आपल्याकडे थंडी दीड-दोन महिन्यांची, तीही रात्री घोंगडी घेण्याइतकी. त्यासाठी छप्पर तापवायची गरज नाही.

रंगाने एवढा फरक पडतो का?

पडतो. पांढरा रंग नवा असताना उन्हाचा सत्तर-ऐंशी टक्के भाग परत फेकतो. काळा जेमतेम पाच-दहा टक्के फेकतो, बाकी सगळं पोटात घेतो. भर दुपारी गडद पत्रा ६५-७० अंशांपर्यंत तापू शकतो. शेजारचा पांढरा त्यापेक्षा १५-२० अंशांनी कमी असतो. पत्रा पातळ, त्यामुळे ती धग लगेच खाली उतरते. स्लॅबचं उलट आहे. तो दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री सोडतो, म्हणून स्लॅबच्या घरातली माणसं रात्री गच्चीवर झोपायला जातात.

साधा जस्ती पत्रा चकाकतो म्हणून थंड राहील असं वाटतं. तो ऊन परत फेकतो हे खरं, पण एकदा तापला की अंगातली उष्णता लवकर सोडत नाही. वर जुना झाला की चकाकीही जाते.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. उन्हातली जवळजवळ निम्मी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत असते. त्यामुळे दिसायला सारखेच दोन मरून पत्रे वेगवेगळे तापू शकतात. काही कंपन्या खास रंगद्रव्य वापरून ‘कूल’ पत्रा काढतात. त्याचा ‘एसआरआय’ आकडा विचारा. ठरावीक काळ्या रंगाला शून्य आणि ठरावीक पांढऱ्याला शंभर धरून हा आकडा काढतात. जास्त असेल तेवढं चांगलं. गडदच हवा असा घरात हट्ट असेल तर निदान आकडा बघून घ्या.

आकड्यावर विश्वास नसेल तर दुकानातून दोन रंगांचे तुकडे मागा, दुपारी दोन वाजता अंगणात विटांवर ठेवा आणि अर्ध्या तासाने खालच्या बाजूजवळ हात न्या. चिकटवू नका, भाजेल. एवढ्यावर घरातला वाद मिटतो.

आजोबांचं माळवद

आपल्या भागातली जुनी घरं माळवदाची. तुळया, त्यावर सर, किलच, पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. रंगाने फिकट आणि जाडीने भरपूर. दुपारी आत गेलं की गार वाटायचं ते यामुळेच. तरी माळवद परत आणा असं कुणी म्हणू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि वरचं ओझं अंगावर येऊनच माणसं गेली. छप्पर हलकं असणं चांगलंच. फक्त जुन्या छपरातला फिकट रंग घेऊ. तेलंगणा सरकारने २०२३ साली ऊन परत फेकणाऱ्या छपरांसाठी ‘कूल रूफ’ धोरणच आणलं.

गडद पत्रा आधीच टाकला असेल तर

काढायची गरज नाही. पत्रा धुवा, गंज घासून काढा, प्रायमर मारा आणि पत्र्यासाठीच असलेल्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्या. चुना मात्र पत्र्यावर मारू नका. तो टिकत नाही आणि ओला चुना जस्त-ॲल्युमिनियमचा थर खातो. चुना स्लॅबसाठी ठीक आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्लॅब झाडून, ओला करून दोन-तीन हात मारा. पावसात उतरतो, म्हणून दरवर्षी मारावा लागतो. डोळ्यांत गेला तर इजा होते, लेकरांना लांब ठेवा. एकदाच खर्च करायचा असेल तर फुटक्या पांढऱ्या टाइल्स बसवा.

उन्हाळ्यात पत्र्यावर कडबा किंवा उसाचं पाचट पसरायची पद्धत आहे. गारवा मिळतो, पण एक ठिणगी पुरते. थर्माकोलच्या छताचंही तेच. त्यापेक्षा छत खाली घेऊन मध्ये वीतभर मोकळी जागा सोडा आणि आढ्याजवळ गरम हवा निघायला वाट ठेवा. नवं घर असेल तर पत्रा आठ फुटांवर न टाकता दहा-अकरा फुटांवर घ्या. गोठ्यालाही हेच लागू. संकरित गाईला ऊन बाधलं की दूध उतरतं, हे सांगोला-पंढरपूरच्या दूधवाल्यांना सांगायला नको.

पांढऱ्याच्या तक्रारीही खऱ्या आहेत. धूळ बसते आणि धुळीने त्याचा गुण कमी होतो. मार्चमध्ये धुवायला पाणी कुठून आणायचं? नुसतं झाडूने झाडलं तरी चालतं. शेजारच्या माडीवर चमक जात असेल तर फिकट क्रीम रंग घ्या, पांढऱ्यापेक्षा थोडाच जास्त तापतो.

पत्रा ताप-निवीत लांबतो-आखडतो. ४० अंशांच्या फरकाला १२ फुटी पत्रा दीड-दोन मिलिमीटर वाढतो. दुपारी कडकड आवाज येतो तो त्याचाच. गडद पत्रा जास्त तापतो म्हणून जास्त हलतो, स्क्रूखालचे रबरी वॉशर लवकर कडक होतात आणि पहिल्या वळवाच्या पावसात तिथूनच गळतं. घ्यायचाच असेल तर चांगले वॉशर मागा, आणि बिलावर रंगाचं नाव, जाडी मिलिमीटरमध्ये आणि वॉरंटीची वर्षं लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही.