दुधी काच व फिल्म : मध्यम फॉरमॅट कॅमेऱ्यातील फोकसचा इतिहास

लॅटिन भाषेत ‘फोकस’ या शब्दाचा मूळ अर्थ चूल असा आहे. योहानेस केप्लर याने १६०४ मध्ये प्रकाशशास्त्रावरील आपल्या ग्रंथात शंकुच्छेदांचे विवेचन करताना तो पारिभाषिक अर्थाने योजिला. बहिर्गोल भिंगाने एकवटलेल्या सूर्यकिरणांनी कागद पेटतो हे ध्यानात घेतल्यास ही योजना समर्पक वाटते. मराठी शास्त्रीय परिभाषेने त्यासाठी ‘नाभी’ हा शब्द स्वीकारला. चूल काय किंवा नाभी काय, दोन्ही शब्दांत एकच स्थान अभिप्रेत आहे. छायाचित्रणात मात्र या एका स्थानाची वारंवार दोन स्थाने झाली : एक डोळ्याने पाहावयाचे आणि दुसरे प्रतिमा उमटावयाचे. हाताने अचूक फोकस साधण्याचा इतिहास म्हणजे ही दोन स्थाने जुळविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

डागेरच्या पद्धतीची घोषणा १८३९ मध्ये झाली आणि पुढील दशकातच ही अडचण प्रकट झाली. दुधी काचेवर रेखीव दिसलेली प्रतिमा पत्र्यावर अंधुक उमटे. लंडनमध्ये व्यवसाय करणारा फ्रेंच छायाचित्रकार आंत्वान क्लोदे याने याचे कारण दाखवून दिले. डोळ्यास पिवळा-हिरवा प्रकाश अधिक जाणवतो, तर तत्कालीन पत्रा निळ्या-जांभळ्या किरणांनी प्रभावित होई. आणि साधे भिंग या किरणांना एकाच अंतरावर आणीत नसे. निरनिराळ्या अंतरांवर क्रमांक लावलेले पाकळ्यांसारखे तुकडे मांडून त्याने एक साधन सिद्ध केले. ज्या क्रमांकावर फोकस साधला त्याऐवजी कोणता क्रमांक स्पष्ट उमटला, यावरून दोषाचे माप कळे.

भिंगांची रचना सुधारल्यावर हा दोष ओसरला. पत्र्याच्या किंवा काचेच्या प्लेटच्या कॅमेऱ्यात दुधी काच काढून नेमकी तिच्याच जागी प्लेट बसविता येई. कोडॅकने १९०१ मध्ये आणलेल्या १२० क्रमांकाच्या रोल फिल्मने ही सोय हिरावून घेतली. गुंडाळीवरील फिल्म प्रत्येक चित्रासाठी बाहेर काढता येत नाही. म्हणून पाहण्याची जागा निराळी करणे भाग पडले, नाही तर अंतराचा अदमास घेऊन कड्यावरील आकड्यांवर विसंबावे लागे.

या प्रश्नाचे पहिले सर्वमान्य उत्तर ब्राउनश्वाइग येथील फ्रांके व हाइडेके या संस्थेने १९२९ मध्ये रोलायफ्लेक्सच्या रूपाने दिले. त्यात एकावर एक अशी दोन भिंगे एकाच फळीवर बसविलेली असून ती बरोबरच पुढेमागे सरकतात. वरच्या भिंगाची प्रतिमा आरशावरून दुधी काचेवर पडते. खालचे भिंग फिल्मवर चित्र उमटविते. वरच्या भिंगाचे द्वार एफ/३.१, तर खालच्याचे एफ/४.५ किंवा एफ/३.८ असे होते. ही विषमता हेतुपुरस्सर होती. मोठ्या द्वारामुळे काचेवर प्रकाश अधिक येतो आणि चूकही ठळक दिसते. लहान द्वारामुळे फिल्मवर तीच चूक काहीशी झाकली जाते. पण या व्यवस्थेचा सारा भरवसा दोन भिंगांची नाभीय अंतरे तंतोतंत जुळण्यावर होता.

व्हिक्टर हॅसलब्लाड याने १९४८ मध्ये स्वीडनमधून दुसरा मार्ग दाखविला. येथे भिंग एकच. आरसा प्रतिमा वर काचेकडे वळवितो आणि चित्र घेताना दूर होतो. दोन भिंगांच्या तफावतीचा प्रश्न मिटला, परंतु आरसा, काच व सुटी होणारी फिल्मची पेटी यांची जागा अचूक राखणे आवश्यक झाले. १९५७ च्या ५००सी या कॅमेऱ्यात द्वार पूर्ण उघडे ठेवून फोकस साधता येई व चित्र घेताना ते आपोआप नियोजित मापावर येई.

अचूकतेची ही मर्यादा किती अरुंद आहे हे गणिताने स्पष्ट होते. ८० मिलिमीटरचे भिंग दोन मीटरवरील चेहऱ्यावर रोखले असता काच व फिल्म यांच्या अंतरांत केवळ ०.१ मिलिमीटरचा फरक पडला, तर स्पष्टतेचे प्रतल सुमारे सहा सेंटिमीटर सरकते. डोळ्यांवर साधलेला फोकस कानशिलाकडे जातो. छायाचित्रकाराची दृष्टी निर्दोष असूनही चित्र दोषी ठरते. कारण चूक दृष्टीची नसून दोन पृष्ठभागांतील बेबनावाची असते. फिल्मचा वाक किंवा दाबपट्टीचा ढिलेपणाही हाच परिणाम घडवितो. दुधी काचेखालचे फ्रेनेल भिंग कोपरे उजळविते, झडपेतील लहान भिंग प्रतिमा मोठी करून दाखविते. पण काचच चुकीच्या जागी असेल तर ही साधने चूकच अधिक स्पष्ट करून दाखवितात. म्हणून जाणते छायाचित्रकार आजही तिरकी पट्टी मांडून, द्वार पूर्ण उघडून, प्रत्यक्ष फिल्मवर चाचणी घेतात. तत्त्वतः ही क्लोदेचीच रीत होय.

२०१६ मध्ये हॅसलब्लाडने आरसा नसलेला मध्यम फॉरमॅटचा डिजिटल कॅमेरा जाहीर केला. त्यात जो संवेदक चित्र घेतो त्याच्यावरील प्रतिमाच डोळ्यास दिसते. दोन स्थाने पुन्हा एक झाली. तथापि १२० क्रमांकाची फिल्म अद्याप तयार होते व जुने कॅमेरे वापरात आहेत. त्यांच्या दुधी काचेवर जे दिसते ते पुरावा नव्हे, ती साक्ष आहे; आणि साक्ष ग्राह्य धरण्यापूर्वी पडताळून घ्यावयाची असते.