जिन्याखालची पेटी

मीटरच्या खोलीशेजारी, जिन्याखाली, एक राखाडी पत्र्याची पेटी आहे. आपली मुलं क्रिकेट खेळताना तिचा स्टंप करतात. ती आपल्या टेलिफोनची डीपी. गेली काही वर्षं तिच्यात एकही चालू तार नाही. समितीने 'सोसायटीच्या इतिहासातलं काहीतरी लिहा' असं सांगितलं, तेव्हा मी हीच पेटी निवडली. पाण्याची टाकी, लिफ्ट आणि रंगकाम यांवर इतर मंडळी लिहितीलच. शिवाय पेटीची किल्ली अजून माझ्याकडेच आहे.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं १८८२ साली. आपल्या इमारतीत फोन वाजायला १९९९ उजाडलं. त्याच वर्षी केंद्र सरकारचं नवं दूरसंचार धोरण आलं होतं, पण आपल्याला त्याचं काय! अर्ज, अनामत, मग लाइनमनची वाट बघणं, हेच आपलं धोरण. पहिला फोन तळमजल्यावरच्या काकूंकडे आला, कारण त्यांनी जुन्या घरचा फोन इकडे शिफ्ट करून घेतला. पहिलं वर्षभर निम्म्या बिल्डिंगने तोच नंबर नातेवाइकांना 'पी. पी.' म्हणून दिला होता. काकू गॅलरीतून हाक मारायच्या, "अगं, पुण्याहून फोन आहे, पळ लवकर!" आणि वरून चपला न घालताच कुणीतरी धावत यायचं.

हळूहळू घरोघरी फोन झाले. हॉलमध्ये एक आणि स्वयंपाकघरात किंवा बेडरूममध्ये पॅरलल, ही तेव्हाची हौस. २००३ मध्ये मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले, तरी घरचा फोन कुणी लगेच काढला नाही. उलट त्याच तारेवरून इंटरनेट येणार म्हणून त्याचा भाव वाढला. सरकारच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग ठरला होता २५६ केबीपीएस. आज हसू येतं, पण २००६ मध्ये आपल्याकडे पहिलं मोडेम लागलं तेव्हा बघायला शेजारपाजारचे जमले होते.

पुढच्या काही महिन्यांत अकरा घरांत ब्रॉडबँड आलं आणि माझ्या दारावरची बेल वाढली. मी कारखान्यात इलेक्ट्रिकलला, म्हणून सगळे माझ्याकडे. तक्रारी दोनच. फोनमध्ये खरखर येते, नाहीतर फोन वाजला की नेट तुटतं. जोडणारा माणूस मोडेम लावून निघून गेलेला असायचा.

कारण साधं होतं. बोलण्याचा आवाज तारेवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये जातो. ब्रॉडबँड त्याच दोन तारांवरून जातं, पण २५ हजार हर्ट्झच्या वर. दोघांना वेगळं करायला स्प्लिटर नावाची छोटी डबी असते. बाहेरची लाइन एका बाजूला, दुसरीकडे फोन आणि मोडेम. घरातला प्रत्येक फोन या डबीच्या पुढे हवा. आपल्या घरांत पॅरललची वायर मात्र आधीच, डबीच्या अलीकडून फुटलेली. मग नेटचा गोंधळ स्वयंपाकघरातल्या फोनमध्ये शिरायचा आणि त्या फोनचा त्रास नेटला व्हायचा. चौथ्या मजल्यावर रोज संध्याकाळी नेट जायचं. शेवटी कळलं, त्या वेळी सूनबाई स्वयंपाकघरातल्या फोनवरून माहेरी बोलायच्या!

माझी पद्धत ठरलेली. सगळे फोन आणि मोडेम काढायचे. पहिल्या सॉकेटला एकच फोन लावून ऐकायचं. तिथेही खरखर असेल तर दोष बाहेर. पावसाळ्यात डीपीतले सांधे ओले व्हायचे, तांब्यावर हिरवा गंज चढायचा. तिथे आवाज स्वच्छ असेल तर दोष घरात. मग एकेक वस्तू परत जोडत जायचं. ज्या वस्तूपाशी खरखर सुरू होईल, ती चोर. अकरापैकी सात घरांत चोर पॅरललच निघाला. हे सगळं कागदावर लिहून मी डीपीच्या दाराला आतून चिकटवलं होतं. तो कागद अजून आहे.

२०१९ मध्ये तांब्याची तार गेली, फायबर आलं. खरखर कायमची संपली. फोनची वायर आता नेटच्या डबीतच खोचायची. काकू घाबरल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "काकू, काळजी करू नका. तुमचा नंबर तोच राहणार."

नंबर तोच राहिला. पण २०२१ च्या पावसाळ्यात एका रात्री लाइट गेले आणि काकू बाथरूमच्या दारात पडल्या. मोबाइल आतल्या खोलीत. सरपटत त्या हॉलमधल्या फोनपाशी पोचल्या, रिसीव्हर उचलला. फोन मुका. शेवटी त्यांनी जेवणाच्या टेबलावरचं ताट ओढून त्यावर डाव बडवला, तेव्हा वरचे लोक धावले. मनगट मोडलं, त्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "अरे, पूर्वी लाइट गेले तरी फोन लागायचा ना?"

लागायचा. कारण तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही यायची. एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या आपला फोन जिवंत ठेवायच्या. फायबर म्हणजे काच, त्यातून फक्त उजेड येतो. वीज आपल्या घरच्या प्लगची. हे मला माहीत होतं. खरखर शोधण्यात मी इतका हुशार, आणि हे एक वाक्य सांगायचं मात्र राहून गेलं.

त्यानंतर ज्या चार घरांत वयस्कर माणसं एकटी राहतात, तिथे आम्ही डबीला छोटा यूपीएस लावला. काकू दर रविवारी सकाळी मेन स्विच बंद करून मला फोन करतात. "लागला रे," एवढंच म्हणतात आणि ठेवतात.

स्मरणिका वाचून झाली की तुम्हीही एकदा मेन स्विच बंद करा आणि घरचा फोन उचलून बघा. डायल टोन आला नाही, तर माझ्याकडे या. आणि समितीला एक विनंती. रंगकामात ती पेटी काढणार असाल तर काढा, पण आतला कागद मला द्या. त्याच्या खाली एक ओळ वाढवायची आहे.