कोसबाडच्या टेकडीवरचे ‘अ‍ॅजाइल’

अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘अ‍ॅजाइल’ हा आता परीक्षेचा प्रश्न झाला आहे. व्याख्या लिहा, वॉटरफॉलशी तुलना करा, स्क्रममधल्या तीन भूमिका सांगा. मुले पाठ करतात आणि गुण मिळवतात. मग गटप्रकल्प येतो. चौघांच्या गटात एक जण कोड लिहितो, दुसरा अहवाल टाइप करतो, उरलेले दोघे सबमिशनच्या दिवशी उगवतात. प्रकल्पही ठरलेला असतो: ‘ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली’. वर्षानुवर्षे ती बनते आहे, पण आपल्याच कॉलेजच्या ग्रंथपालाला, बाई, तुमची अडचण काय आहे, असे जाऊन विचारणारा गट विरळाच.

वास्तविक या पद्धतीचा सगळा जीव त्या विचारण्यात आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात बर्फाच्या डोंगरावर सतरा सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. त्याचा आशय साधा होता. आधी दोन वर्षे कागदावर संपूर्ण आराखडा करून मग वस्तू बांधण्यापेक्षा थोडे बांधा, वापरणाऱ्याच्या हातात द्या, तो काय म्हणतो ते ऐका आणि पुढचे त्यानुसार बदला. छोटा गट, छोटी फेरी, प्रत्येक फेरीनंतर फेरविचार. गंमत म्हणजे ज्या विन्स्टन रॉइसच्या १९७० च्या लेखाला वॉटरफॉलचा उगम मानतात, त्यातच ही एकाच दमात वरून खाली जाण्याची रीत धोक्याची आहे, असे त्याने लिहून ठेवले होते. लोकांनी आकृती तेवढी उचलली.

काम करत, गटाने, चुकत शिकण्याची ही कल्पना आपल्याकडे संगणकाच्या फार आधी येऊन गेली आहे. आणि तिचा एक धागा डॉ. झाकिर हुसेन यांच्यापाशी जातो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण आणि त्या उद्योगातूनच शाळेचा खर्च, अशी गांधीजींची मांडणी होती. जामिया मिल्लियाचे कुलगुरू असलेल्या झाकिर हुसेन यांनी तिथे आदरपूर्वक पण स्पष्टपणे दोन गोष्टी सांगितल्या. एक, ही कल्पना अगदी नवी नाही. अमेरिकेत तिला प्रकल्प पद्धत म्हणतात. दोन, स्वावलंबनावर फार भर दिला तर शिक्षक मुकादम बनतील आणि गरीब मुलांच्या श्रमाचे शोषण होईल. अभ्यासक्रम तयार करण्याची समिती गांधीजींनी त्यांच्याच अध्यक्षतेखाली नेमली. मुस्लिम लीगने या वर्धा योजनेवर सडकून टीका केली आणि आजही झाकिर हुसेन म्हटले की त्या वादाचीच आठवण काढली जाते. त्यांची दुसरी सूचना मात्र विसरली गेली. मुलाने किती सूत कातले हे मोजायचे, की कातताना तो काय शिकला हे पाहायचे? आजच्या कंपन्यांत दर पंधरवड्याला गटाचे ‘पॉइंट’ मोजणाऱ्या व्यवस्थापकालाही हा प्रश्न विचारता येईल.

जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत नई तालीमचा आवाका शाळापूर्व वयापर्यंत वाढला. त्याच वर्षी ताराबाई मोडक मुंबईची सोय सोडून डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्तीत काम केले होते आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभारला होता. बोर्डीला आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक आधीपासून होते. बोरिवलीच्या शिबिरात ताराबाईंना अनुताई वाघ भेटल्या. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, शिक्षिका म्हणून उभ्या राहिलेल्या अनुताई त्यांच्याबरोबर निघाल्या, त्या कायमच्या.

पहिली बालवाडी गावात सुरू झाली आणि पहिलाच अनुभव असा की जी मुले यायला हवी होती तीच आली नाहीत. बऱ्या घरची आली. दलित वस्तीतली आणि पाड्यांवरची आली नाहीत. सरकारी खात्याने अशा वेळी काय केले असते हे आपल्याला ठाऊक आहे: ‘पालकांमध्ये जागृतीचा अभाव’ असा शेरा मारून फाइल बंद. या दोघींनी दोष शाळेत आहे असे धरले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात जाईल. वस्तीत जायचे, झाडाखाली नाहीतर ओट्यावर बसायचे, मुलांना आंघोळ घालायची, नखे काढायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. मॉन्टेसरीची महागडी साधने परवडणार नव्हती, तेव्हा बिया, शिंपले, पाने, खडे, बांबू हीच साधने झाली. हीच ती अंगणवाडी. तो शब्द ठरावातून आला नाही. पहिली फेरी फसली म्हणून आला.

मुले का येत नव्हती, याचे उत्तर मात्र बालशिक्षणाच्या पुस्तकांत सापडणारे नव्हते. ते शेजारच्या तलासरीत होते. २३ मे १९४५ रोजी झरी गावी, जे तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते, हजारो वारली किसान सभेच्या परिषदेला जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्याआधी पाड्यापाड्यांतून हिंडले होते. जमीनदाराकडची वेठबिगार आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने आयुष्यभर राबायचे ती लग्नगडी पद्धत, हे लोकांच्या तोंडून आलेले दुखणे होते. म्हणून पहिली मागणी तीच: वेठ बंद. ती जिंकल्यावर पुढची, गवत कापण्याच्या मजुरीची. पाचशे पौंड गवताला सव्वा रुपया. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंनी ही हकिकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिली आहे. ताराबाईंचा आणि परुळेकरांचा रस्ता एक नव्हता, आणि मी तो ओढूनताणून एक करणार नाही. पण ज्या पाड्यावर आईबाप सावकाराच्या शेतावर जुंपलेले, तिथे पाच वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असणार आणि आठ वर्षांच्या मुलाच्या हातात गुरांची काठी. ही वस्तुस्थिती दोघांनाही सारखीच भेटली.

ती नीट कळली कोसबाडला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात संस्थेचे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत गेले. इथे अंगणवाडीचे सूत्रही अपुरे पडले. मुलगी येते, पण कडेवरच्या बाळाला घेऊन. मग बाळासाठी पाळणाघर, तिच्या धाकट्या भावाला बालवाडी आणि तिला प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. ही ‘विकासवाडी’. मुलगा येतच नाही, कारण तो सकाळीच गुरे घेऊन कुरणावर जातो. मग शिक्षक साहित्य घेऊन कुरणावर. ही ‘कुरणशाळा’. दिवसभर कामावर असणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. एकेक नाव म्हणजे आधीच्या प्रयोगाची एकेक उणीव आहे. आणि हे प्रयोग गुपचूप राहिले नाहीत; ‘शिक्षणपत्रिका’ मासिकातून मांडले गेले आणि अध्यापन मंदिरात शिकायला आलेल्या शिक्षिका तेच काम गटाने करत शिकल्या. वर्गात व्याख्यान, मग अंगणात जाऊन प्रत्यक्ष मुले. कुणीही पाठांतरावर अंगणवाडी चालवू शकत नव्हती, कारण समोरचे मूल रडायला लागले की व्याख्येचा उपयोग नसतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, १९७३ मध्ये त्या गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हटले. शब्द देशभर गेला. अनुताई १९९२ पर्यंत कोसबाडलाच राहिल्या.

शब्दाबरोबर रीत गेली का? गेली नाही, असे माझे मत आहे. योजना वरून खाली आली. पोषण आहार, लसीकरण, वजन, आणि या सगळ्याची रजिस्टरे. त्यातून लाखो मुलांचे भले झाले हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण सेविकेने काय करायचे हे ठरवणारा आणि सेविका यांच्यातले अंतर वाढत गेले. कोसबाडला ठरवणारी आणि करणारी एकच होती, आणि करताना जे दिसले त्यावरून ठरवणे बदलत होते.

या अंतराचा हिशेब सॉफ्टवेअरनेच समोर आणला. रजिस्टरांची जागा मोबाइलने घेतली. २०२१ मध्ये केंद्राचे ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप आले. त्यात मराठी नव्हती. सेविकांना दिलेले फोन जुने, त्यांची मेमरी कमी, अ‍ॅप अडकायचे, फोन तापायचे, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. पाड्यावर रेंज नसली की माहिती भरायला रेंज मिळेल तिथपर्यंत चालत जायचे. मानधन हाती जेमतेम येणाऱ्या बाईने इंग्रजी रकान्यात कुपोषित मुलाची नोंद करावी, ही अपेक्षा ज्या खोलीत ठरली त्या खोलीत एकही सेविका बसलेली नसावी. त्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी ‘मोबाइल वापसी’ आंदोलन केले. प्रकल्प कार्यालयांसमोर जमून त्यांनी हजारो फोन सरकारला परत केले. संघटना मुंबई उच्च न्यायालयातही गेली. भाषेची मागणी मुख्य होती: अ‍ॅप मराठीत द्या.

वापरणाऱ्याचा अभिप्राय याहून स्पष्ट कसा असतो? अ‍ॅजाइलच्या पुस्तकात ‘यूजर स्टोरी’ नावाचा प्रकार असतो, वापरणाऱ्याच्या शब्दांत त्याची गरज एका वाक्यात लिहायची. तलासरीच्या एखाद्या पाड्यावरच्या सेविकेची पहिली स्टोरी बहुधा अशी असेल: ‘रेंज नसतानाही मला आजची हजेरी मराठीत भरता आली पाहिजे, म्हणजे उरलेला वेळ मुलांना देता येईल.’ पालघर, डहाणू, वसईकडच्या कॉलेजांतल्या चार मुलांच्या गटाला एका सत्रात हे करून बघता येण्यासारखे आहे. पहिला आठवडा कोड लिहायचा नाही. अंगणवाडीत बसायचे, रजिस्टरे किती आहेत ती मोजायची, एकच माहिती किती ठिकाणी लिहावी लागते ते पाहायचे. दुसऱ्या आठवड्यात फक्त हजेरीचा एक पडदा करून बाईंच्या हातात द्यायचा आणि त्यांचे बोट कुठे अडखळते ते बघत शेजारी गप्प बसायचे.