कागदावर ‘ई ६७.३’ लिहिलंय? ‘ड’ जीवनसत्त्व जास्त झालंय

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलातून घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर कधी आजाराच्या नावापुढे कोड असतो. हे कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीतले. ‘ई ५५’ म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व कमी, तर ‘ई ६७.३’ म्हणजे तेच जास्त. ‘अ’ जास्त झालं तर ‘ई ६७.०’.

‘ड’ जीवनसत्त्व अंगातल्या चरबीत साठतं, लवकर बाहेर पडत नाही. मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट. मेडिकलमधल्या एका पुडीत ६०,००० युनिट असतात. आठवड्याची पुडी रोज घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढतं. उलट्या, सारखी तहान, बद्धकोष्ठ होतं. किडनीही खराब होऊ शकते.

‘ई ६७.३’ दिसला तर जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुडी आणू नका. कॅल्शियमची गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्या.