दुसऱ्या गादीचे प्रतिनिधी : मलकापूरची वाटचाल

मराठ्यांचे छत्रपती म्हटले की शिवाजी, संभाजी, राजाराम आणि मग साताऱ्याचे शाहू महाराज अशी यादी जिभेवर येते. पुढे पेशवेच बोलू लागतात. त्याच राज्याची दुसरी यादी पन्हाळा आणि करवीर, म्हणजे कोल्हापूर, येथे जवळजवळ दोनशे चाळीस वर्षे चालू राहिली. आंबा घाटाच्या अलीकडचे, शाहूवाडी तालुक्यातले मलकापूर या दुसऱ्या यादीशी बांधले गेले ते विशाळगडच्या प्रतिनिधींमुळे.

प्रतिनिधी हे पद राजाराम महाराजांनी जिंजीत प्रल्हाद निराजी यांच्यासाठी निर्माण केले. पुढे ते परशुराम त्रिंबक यांच्याकडे आले. 1700 मध्ये महाराज निवर्तल्यावर परशुरामपंत त्यांच्या राणी ताराबाईंच्या पाठीशी उभे राहिले. 1708 च्या आरंभी सातारा शाहूंच्या हाती पडला आणि पंत कैद झाले. ताराबाईंनी पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली, तिचे वर्ष 1710 असे धरतात. शाहूंनी पंतांना पुन्हा जवळ केले खरे. पण त्यांचे चिरंजीव कृष्णाजी विशाळगडावर जाऊन करवीर पक्षाला मिळाले आणि बापावर शिक्षेची पाळी आली. चिटणीस खंडो बल्लाळांनी रदबदली केली म्हणून पंत बचावले. थोरल्या यादीचे प्रतिनिधीपद पुढे कृष्णाजींचे बंधू श्रीपतरावांकडे गेले. औंधचे संस्थान त्या शाखेचे, विशाळगडचे कृष्णाजींचे. एका घरातले दोन भाऊ दोन छत्रपतींचे प्रतिनिधी झाले.

नवी गादी प्रथमपासून स्थिर नव्हती. 1714 मध्ये सवत राजसबाईंनी ताराबाई व त्यांच्या मुलाला कैदेत टाकले आणि आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवले. 1730 मध्ये वारणाकाठी श्रीपतरावांनी याच संभाजीराजांच्या छावणीवर छापा घातला. विशाळगडच्या दृष्टीने हा घरातलाच घाव होता. पुढच्या वर्षी, 13 एप्रिल 1731 रोजी, वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख करवीरकडे राहिला आणि दोन्ही गाद्यांना कागदोपत्री मान्यता मिळाली.

दोन याद्या एक होण्याची खरी वेळ 1749 ची. शाहू निपुत्रिक होते. त्यांच्या राणी सकवारबाईंचा ओढा करवीरच्या संभाजीराजांना आणण्याकडे होता. शाहूंनी मात्र करवीरचा दत्तक नको, असे स्वहस्ते लिहून ठेवले आणि ताराबाईंचे नातू म्हणवले गेलेले रामराजे साताऱ्यास आले. नात्याची खात्री पटवण्यासाठी ताराबाई त्यांच्यासह एका ताटात जेवल्या. ताराबाईंनीच पुढे रामराजांना कैदेत टाकले, आणि 1752 मध्ये जेजुरीला हा आपला नातू नव्हे, अशी शपथही वाहिली. त्या दिवसांत निर्णय उलटा झाला असता, तर वारणेची हद्द पुसली गेली असती आणि प्रौढ, राज्य केलेला राजा साताऱ्यास बसला असता. पेशव्यांना तो कितपत सोसला असता, हे सांगायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

1760 मध्ये संभाजीराजे वारले आणि करवीरचे राज्य खालसा करण्याच्या हालचाली पेशव्यांनी सुरू केल्या. त्यांच्या राणी जिजाबाईंनी, सवत कुसाबाई गरोदर आहे, असे सांगून वेळ काढला, पानिपतानंतरचा गोंधळ पाहिला आणि 1762 मध्ये खानवटकर भोसल्यांच्या घरातला मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव शिवाजी ठेवले. हा धीर नसता तर यादी तिथेच संपली असती. जिजाबाई 1773 पर्यंत कारभार पाहत होत्या.

मलकापूरचा भाग्योदय मात्र एका पराभवातून झाला. 1844 मध्ये करवीरचे तिसरे शिवाजी महाराज अल्पवयीन असताना इंग्रजांनी नेमलेले दाजी कृष्ण पंडित कारभार पाहत होते. त्यांच्या फेरफारांनी गडकऱ्यांच्या पिढीजात हक्कांवर गदा आली. सामानगड, भुदरगड पेटले, वर्षाखेरीस पन्हाळ्यावर तोफा चालल्या. बंड मोडल्यावर किल्ले निकामी केले गेले, त्यांत विशाळगडही होता. प्रतिनिधींचे ठाणे गडावरून खाली मलकापुरास आले. शाळी नदीकाठचे हे गाव जहागिरीची राजधानी झाले.

साताऱ्याची गादी 1848 मध्ये डलहौसीने वारस नाही म्हणून खालसा केली. करवीरची तगली, तीही दत्तकांच्याच बळावर. करवीरचे राजाराम 1870 मध्ये इंग्लंडहून परतताना फ्लॉरेन्सला वारले, पुढच्या वर्षी दत्तक आलेले चौथे शिवाजी 1883 मध्ये अहमदनगरला. मग 17 मार्च 1884 रोजी कागलच्या घाटग्यांचा यशवंत गादीवर आला आणि शाहू छत्रपती झाला. प्रत्येक वेळी यादी तुटायला एका मृत्यूचे अंतर होते. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी या जहागिरी या सगळ्या काळात तिच्याभोवती उभ्या राहिल्या. जहागीरदारांचे आणि दरबाराचे अधिकारावरून खटके उडतच, ते झाकण्याचे कारण नाही.

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झाले आणि प्रतिनिधींचा राजकीय कारभार संपला. आज मलकापूर नगरपरिषदेचे गाव आहे. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याने घाटाकडे जाणारी वाहने त्याच्या अंगावरून जातात. 2024 मध्ये या गादीचे सध्याचे वारस शाहू छत्रपती कोल्हापुरातून लोकसभेवर निवडून गेले. मलकापूर पडते हातकणंगले मतदारसंघात. त्यामुळे प्रतिनिधींच्या गावाला छत्रपतींना मत देता आले नाही.